पिकअपवरचा उतरवता येणारा कॅम्पर: आधी काटा, मग हौस

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याकडच्या एका केळी उत्पादक कुटुंबाकडे सिंगल केबिन बोलेरो पिकअप आहे. हंगामात ती रोज माल वाहते. वर्षातून काही वेळा तोरणमाळ, पाल, पाटणादेवी, सारंगखेड्याची यात्रा असं फिरायचं आहे. त्यासाठी हौद्यावर चढवता-उतरवता येईल असा राहण्याचा डबा करून घ्यायचा विचार आहे. दुसरा पर्याय म्हणजे पांढऱ्या नंबर प्लेटची डबल केबिन पिकअप घेऊन तिच्यावर तसाच डबा बसवणं. यात फायदे-तोटे काय आणि फसतं कुठे?

सिंगल केबिन पिकअपवर असा डबा चांगला चालतो, वजन आणि तोल सांभाळला तर. पांढऱ्या प्लेटच्या डबल केबिनवर तो दिसायला बसतो, पण कागदावर आणि पाट्यांवर (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) बसत नाही. तिथे मी नाहीच म्हणेन.

या प्रकाराचा खरा फायदा एकच आहे आणि तो मोठा आहे: गाडी मोकळी होते. कायमच्या मोटर कॅरावॅनमध्ये इंजिन, टायर, विमा, फिटनेस हे सगळं वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी पोसावं लागतं. डब्याला इंजिन नाही. तो गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभा राहतो आणि गाडी केळीचे घड घेऊन रावेर-सावद्याच्या वाटेला लागते. मुक्कामाच्या जागी डबा पायांवर उतरवून गाडी घेऊन गावात, देवळात, बाजारात जाता येतं. ट्रेलर ओढण्यापेक्षाही हे सोयीचं आहे, कारण घाटातल्या वळणावर मागे झुलणारं काही नसतं आणि रिव्हर्स नेहमीसारखा घेता येतो. गाडी बदलली तरी हौद्याची मापं जुळत असतील तर डबा तोच राहतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा, डबा खरंच उतरवणार का? एकदा चढवला की सहा महिने तसाच राहणार असेल तर हा प्रकार घेऊ नका. चार जॅक, त्यांचे ब्रॅकेट, हौद्याच्या तळावर पुन्हा डब्याचा तळ, हे सगळं जादा वजन फक्त उतरवण्याच्या सोयीसाठी आहे. सोय वापरलीच नाही तर ते ओझं उगाच फिरतं, आणि डबा कायमच्या बांधणीपेक्षा उंचही राहतो.

दुसरा अडथळा लोक शेवटी पाहतात, तो आधी पाहा: माणसं बसणार कुठे? सिंगल केबिनच्या आरसीत चालक अधिक एक किंवा दोन अशी आसनसंख्या असते. गाडी चालू असताना डब्यात कुणीही बसायचं नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि ब्रेक लागला की आतला माणूस सुट्या सामानासारखा पुढे फेकला जातो. चौघांचं कुटुंब असेल तर दोघं पिकअपमध्ये आणि बाकीचे दुसऱ्या गाडीने किंवा एसटीने, असंच गणित करावं लागेल. ते मान्य नसेल तर इथेच थांबा.

आता वजन. तालुक्याला कुठल्याही जिनिंगवर किंवा बाजार समितीजवळ भुईकाटा असतो. टाकी डिझेलने पूर्ण भरा, जे जाणार ते केबिनमध्ये बसवा, हौदा रिकामा ठेवा आणि तीन पावत्या घ्या: पूर्ण गाडीची, फक्त पुढची चाकं काट्यावर असतानाची, फक्त मागची चाकं असतानाची. आरसीत गाडीचं भरलेलं कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यातून पहिली पावती वजा केली की उरतं ते तुमचं बजेट. त्यातलंही दहा-पंधरा टक्के हातचं राखा, कारण डबा कागदावरच्या वजनाचा कधीच निघत नाही.

बोलेरो पिकअपच्या वेगवेगळ्या मॉडेलची मालक्षमता साधारण १.२ ते २ टनांची आहे. तिथे सहाशे-सातशे किलोचा डबा आरामात बसतो. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या डबल केबिनची मालक्षमता आपल्याकडच्या मॉडेलमध्ये अर्ध्या टनाच्या आत आहे. परदेशातले व्हिडिओ पाहून लोक इथे फसतात. तिकडे त्याच गाड्या टनभर मालाच्या पाट्यांसह मिळतात, इकडे त्या आरामदायी प्रवासासाठी बांधलेल्या आहेत. नाव तेच म्हणून गाडी तीच असं नाही.

२.७ मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच डबा धरला तर सहाही बाजू मिळून सुमारे २६ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. ४० मिलिमीटर पफच्या (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमच्या) दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर लोखंडी पत्रा असलेलं पॅनेल (कोल्ड स्टोरेजला वापरतात ते) चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे नुसती कवटी अडीचशे किलो. दीड मिलिमीटर एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) कातडीचं पॅनेल घेतलं तर १८० किलोच्या आत, ०.७ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं तर १४० किलो. मी एफआरपीच्या बाजूने आहे. गारपिटीत अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात, आणि एफआरपीची दुरुस्ती गावातला फायबरवालाही करू शकतो.

एफआरपी धरून पुढची बेरीज अशी होते: कोपऱ्यांची चौकट ६० किलो, फर्निचर ७०, दार-खिडक्या ४०, गादी १५, छोटा फ्रिज १५, लिथियम बॅटरी १३, दोन सोलर पॅनेल २२, वायरिंग-पंप-नळ २०, पाच किलो गॅसचं भरलेलं सिलिंडर १२, पाणी ६० लिटर म्हणजे ६०, चार जॅक ६०, कपडे-भांडी-शिधा ६०. एकूण सव्वासहाशेच्या जरा वर. मुक्कामी डबा उतरवायचा नसेल तर जॅक घरी ठेवून जा, ६० किलो तिथेच वाचतात.

हे गणित सगळ्यात जास्त बिघडतं सुताराकडे. आपल्याकडचे सुतार घरच्या सवयीने १८ मिलिमीटर प्लाय आणि त्यावर सनमायका लावतात. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची एक शीट ३३ ते ४० किलोची असते. ओटा, दोन बाक आणि वरची कपाटं यांत पाच शीट सहज जातात, म्हणजे फर्निचरचंच वजन दोनशेच्या घरात. दारांना ६ मिलिमीटर, उभ्या आधारांना ९ मिलिमीटर, आणि फक्त माणूस बसतो त्या फळीला १२ मिलिमीटर प्लाय पुरतो. फॅब्रिकेटरचंही तसंच. तो सवयीने ४० बाय ४० चा दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप उचलतो, तो मीटरला २.४ किलोचा. २५ बाय २५ चा मीटरला १.४५ किलो भरतो, आणि पॅनेलच मजबूत असल्याने बहुतेक ठिकाणी तोच पुरतो. जाड पाइप लागतो तो फक्त चार कोपऱ्यांच्या उभ्या खांबांना, कारण जॅकचं सगळं वजन तिथे येतं. जॅकचा ब्रॅकेट नुसत्या पॅनेलला बोल्ट केला तर दोन-चार वेळा उचलल्यावर तो पॅनेलसकट उपटून निघतो. खांब तळापासून छतापर्यंत अखंड असावा आणि ब्रॅकेट त्याच्यावरच वेल्ड केलेला असावा.

स्क्रूंबद्दलही बोलायला हवं. पिकअपचे पाटे दीड टनासाठी बनवलेले असतात, त्यामुळे सहाशे किलोवर गाडी आपटत चालते. लाकडात पिळलेले स्क्रू शे-दोनशे किलोमीटरमध्ये ढिले होतात. रिव्हेट किंवा नायलॉक नटाचे (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा नट) बोल्ट वापरा. ड्रॉवरला घरगुती चुंबक चालत नाही, दाबून उघडणारी कडी हवी.

वजनाइतकाच तोल महत्त्वाचा. डब्याचा भारमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे हवा. तो मागे गेला की मागचं चाक टेकू बनतं आणि पुढची चाकं हलकी होतात. समजा ६०० किलोच्या डब्याचा भारमध्य अ‍ॅक्सलच्या ३० सेंटीमीटर मागे आहे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३.१ मीटर आहे. ६०० गुणिले ०.३ भागिले ३.१, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवरचं वजन ५८ किलोने कमी आणि मागच्यावर ६५८ किलो जादा. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर गाडी वळणाबाहेर सरकते, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. सिंगल केबिनचा नऊ-दहा फुटी हौदा अ‍ॅक्सलच्या बराच पुढे सुरू होतो, म्हणून डब्याचा मध्य आपसूक पुढे पडतो. तरी पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनकडच्या भिंतीशी, तळाला ठेवा. मागच्या दाराशी जड काही नको.

डबल केबिनला हौदा दीड मीटरच्या आसपास. राहण्याजोगा डबा केला की तो मागे लोंबतो, आणि त्यात पुन्हा कच्च्या रस्त्याचे हिसके. पाट्यांना आधार म्हणून लोक पाट्यांवर हवेने फुगणाऱ्या रबरी एअर बॅग टाकतात. त्याने गाडी सरळ दिसते, पण भार पाट्याच्या दोन टोकांऐवजी चासीच्या एका बिंदूवर येतो. केबिन आणि हौद्याच्या मधे चासी वाकलेल्या गाड्या याच कारणाने होतात. एक टनाच्या आसपास मालक्षमता असलेली बोलेरो कॅम्पर ही डबल केबिन गाडी वजन पेलते, पण तिचाही हौदा आखूड. तिच्यावर फक्त केबिनच्या टपावर झोपण्याची जागा असलेला, मागे न लोंबणारा छोटा डबा बसेल. उभं राहून स्वयंपाक करायला एक माणूस मावेल, दुसऱ्याने बाहेर थांबावं.

"पाटे वाढवून घेऊ" हे उत्तर गॅरेजवर हमखास मिळतं. पाटे वाढवल्याने आरसीतली क्षमता वाढत नाही. आणि ज्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा वाल्व्ह असतो, तिथे धोका वेगळा आहे. तो वाल्व्ह अ‍ॅक्सल आणि चासीमधलं अंतर पाहून ठरवतो की गाडी भरलेली आहे की रिकामी. पाटे कडक केले की गाडी खाली बसत नाही, वाल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी जातो. कन्नड घाट उतरताना हे कळणं परवडणारं नाही. पाट्यांना हात लावलाच तर हा वाल्व्ह कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर पुन्हा जुळवून घ्या.

कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. म्हणून हौदा कापणं, चासीला वेल्डिंग करणं, नवी भोकं पाडणं यातलं काहीही नको. डबा मालासारखा ठेवलेला आणि बांधलेला असावा, चार साखळ्या सोडल्या की मोकळा व्हावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये दोन दंड आहेत ते लक्षात ठेवा. क्षमतेपेक्षा जास्त वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर आला तरी २०,००० रुपये. म्हणजे डबा हौद्याच्या रुंदी-लांबीतच हवा आणि जॅकचे पाय प्रवासात काढून आत ठेवता यायला हवेत. कायमस्वरूपी मोटर कॅरावॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते, पण हौद्यावर ठेवलेल्या डब्याने तुमची मालवाहू पिकअप कॅम्पर व्हॅन होत नाही. पासिंग, कर, फिटनेस सगळं मालवाहूचंच चालू राहतं. डब्याचं रेखाचित्र आणि वजन घेऊन जळगावच्या आरटीओत लेखी विचारणा करा आणि त्याची पोच गाडीत ठेवा. रस्त्यावरचा अधिकारी याकडे माल म्हणून पाहील की फेरफार म्हणून, हे त्या कागदावर बरंच ठरतं. मागचे दिवे किंवा नंबर प्लेट डब्याने झाकली जात असेल तर तीच कारवाईला पुरेशी आहे.

आता बांधणी. हौद्याच्या कडेला दोरी बांधायचे जे हूक असतात ते ताडपत्रीसाठी आहेत, डब्यासाठी नाहीत. माल बांधण्याचा सर्वमान्य हिशेब असा की पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर पेलला पाहिजे. सव्वासहाशेच्या डब्याला पुढे सुमारे ५०० किलोचा रेटा झाला. हौद्याच्या पुढच्या भिंतीशी लाकडी ठोकळा देऊन डबा त्याला टेकवा, तळाशी ८ ते १० मिलिमीटरची रबरी मॅट घाला आणि चार कोपऱ्यांना १२ मिलिमीटरचे टर्नबकल (पीळ देऊन साखळी ताणायचे पेच) लावा. त्यांचं खालचं टोक चासीला क्लॅम्पने किंवा आधीपासून असलेल्या भोकांतून धरलेल्या ब्रॅकेटला हवं. चेकनट घट्ट करा. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पुन्हा ताण पाहा, कारण मॅट दबते आणि साखळी ढिली होते. उलट, जीव खाऊन आवळूही नका. डब्याच्या बाजूची कडी ओढली जाऊन पॅनेलला चीर पडते आणि तिथून पाणी शिरतं.

चढवणं-उतरवणं हे दोघांचं काम आहे, सराव झाल्यावर अर्ध्या तासाचं. जागा सपाट आणि टणक निवडा. काळ्या मातीत हे फार जपून करावं लागतं. सहाशे किलोच्या डब्यात एका पायावर दीडशे किलो येतात, उतार असेल तर एखाद्यावर दोनशे. पायाचा तळ दहा बाय दहा सेंटीमीटरचा असेल तर चौरस सेंटीमीटरला दोन किलो, आणि ओल्या काळ्या मातीत तो पाय सरळ आत जातो. पायाखाली ३० बाय ३० सेंटीमीटरची जाड फळी घातली की हाच दाब पाव किलोच्या आत येतो. पाऊस पडून गेलेल्या शेतात फळीवरही विश्वास ठेवू नका.

हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे द्या, विजेचा प्लग काढा, मग टर्नबकल सोडा. प्लग विसरून गाडी पुढे काढणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक आहे. म्हणून प्लग मागच्या फाळक्याजवळ डोळ्यांसमोर असावा. मग पुढचे दोन पाय पाच-पाच सेंटीमीटर उचला, नंतर मागचे दोन, पुन्हा पुढचे. समोरासमोरच्या तिरप्या दोन पायांवर सगळा भार कधीच येऊ देऊ नका. प्रत्येक फेरीला पाणसळ लावून पाहा. पुढची बाजू किंचित वर राहिली तर चालेल. एक गोष्ट नवख्यांना चकवते: डबा उचलताना गाडीही त्याच्याबरोबर वर येते, कारण पाट्यांवरचा भार कमी होत असतो. सात-आठ सेंटीमीटर उचलूनही डबा हौद्याला टेकलेलाच दिसतो. म्हणून जॅक घेताना हौद्याची उंची ८० सेंटीमीटर असेल तर डब्याच्या तळाखाली किमान एक मीटर पाच सेंटीमीटर पोचेल एवढा पाय हवा. दोन पायांमधली मोकळी रुंदी गाडीपेक्षा दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर जास्त ठेवा. १.७ मीटरच्या गाडीला १.९ मीटर.

गाडी निघाली की डबा लगेच खाली घ्या, जमिनीपासून फूटभर अंतरापर्यंत, आणि तळाखाली भरीव सिमेंटचे ठोकळे सरकवा. उंच पायांवर डबा ठेवून आत झोपायचं नाही. याचं कारण वारा. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, त्या वाऱ्यापुढे डबा काय करेल याचा हिशेब सोपा आहे. १०० किलोमीटर वेगाचा वारा डब्याच्या लांब बाजूवर सुमारे ३०० किलोचा रेटा देतो. डबा मीटरभर उंच पायांवर असेल तर हा रेटा जमिनीपासून जवळपास दोन मीटरवर लागतो, म्हणजे उलटवणारा जोर (किलो गुणिले मीटर) ५८० च्या आसपास. साडेचारशे किलोच्या रिकाम्या डब्याचा सावरणारा जोर फक्त ४३०. डबा उलटणार. फूटभर उंचीवर आणला तर उलटवणारा जोर ३७० वर येतो आणि डबा जेमतेम टिकतो. म्हणून शेडमध्येही चारी बाजूंनी जमिनीतल्या कड्यांना बांधून ठेवा. शेडमध्ये आणखी दोन शत्रू आहेत, उंदीर आणि वाळवी. वायरी पाइपात घ्या आणि तळ मातीला टेकू देऊ नका.

उन्हाळा हा खानदेशातला सगळ्यात कठीण भाग. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो. ४० मिलिमीटर पफच्या या डब्यात आतबाहेर १७ अंशांचा फरक ठेवायचा तर भिंतींतून येणारी उष्णता २५० वॅटच्या आसपास आहे. त्यात छतावरचं ऊन, आतली माणसं आणि उघडणारं दार वेगळं. पफ नसेल, नुसता पत्रा आणि आत थर्माकोल असेल तर दुपारी आत बसणं अशक्य. छत पांढरं ठेवा आणि सोलर पॅनेल छताला चिकटवू नका, पाच सेंटीमीटर वर उचलून बसवा. खालून वारा खेळतो, छतावर सावली पडते आणि पॅनेलही कमी तापतं.

एसीचा मोह होतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी हजार वॅटच्या आसपास खातो. १०० अ‍ॅम्पिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत १२८० वॅट-तास असतात, म्हणजे तासाभरात खेळ संपतो. रात्रभर एसी हवा असेल तर बॅटरीचं वजन आणि खर्च डब्याच्या आवाक्याबाहेर जातो. त्यापेक्षा वाळ्याचा किंवा गवताचा पडदा असलेला १२ व्होल्टचा छोटा कूलर बसवा. आपल्याकडची कोरडी हवा त्याला साजेशी आहे. पन्नास-साठ वॅटमध्ये काम होतं. समोरची खिडकी मात्र उघडी हवी, बंद डब्यात कूलर फक्त दमटपणा करतो. तासाला तीन-चार लिटर पाणी जातं, म्हणजे रात्रीचे पंचवीस-तीस लिटर. टाकीचा हिशेब त्यानुसार करा. जूननंतर तो बंद करून पंखाच.

गाडीच्या अल्टरनेटरवरून डब्याची बॅटरी भरायची तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीची वीज डब्याच्या बॅटरीला योग्य व्होल्टने देणारं यंत्र) हवा, सरळ जोडू नका. वायरीच्या जाडीत कंजुषी नको. सहा मीटर लांबी आणि २५ अ‍ॅम्पिअरला ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सव्वा व्होल्ट रस्त्यातच गळतो, १० मध्ये अर्धा, १६ मध्ये पाव-तिहाई. दोन्ही बॅटऱ्यांजवळ वीतभर अंतरात ४० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज हवाच.

गॅसचा कप्पा आतून हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारी जाळी असलेला ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. मोठा स्वयंपाक बाहेरच करा. भरिताची वांगी तशीही पऱ्हाटीच्या जाळावरच भाजायची असतात, आणि एवढ्याशा डब्यात फोडणीचा ठसका तासभर राहतो.

धूळ मागच्या दारातून येते. चालत्या गाडीच्या मागे हवा विरळ होते आणि डबा धूळ आत ओढतो. दाराला दुहेरी रबर लावा आणि कच्च्या रस्त्यावर छताची पुढची खिडकी बोटभर उघडी ठेवा, आत दाब वाढतो आणि धूळ बाहेर राहते. पाण्याची गळती छताच्या कडेच्या सांध्यातून सुरू होते. तिथे नुसतं सिलिकॉन न भरता पॉलियुरेथेन सीलंट वापरा आणि मृगाआधी बोटाने दाबून प्रत्येक सांधा तपासा. बोअरच्या जड पाण्याने पंपाची जाळी क्षाराने धरते, ती प्रत्येक फेरीनंतर व्हिनेगरमध्ये टाका.

रस्त्यावर एकूण उंची २.८ मीटरच्या आसपास होते. तेवढा आकडा स्टिअरिंगसमोर लिहून ठेवा. त्रास रेल्वेखालच्या भुयारी मार्गांचा, गावातल्या लोंबत्या वायरींचा आणि रस्त्यावर झुकलेल्या कडुनिंबाच्या फांद्यांचा होतो. सत्तरच्या पुढे जाऊ नका. समोरून लक्झरी बस गेली की डब्याला बाजूने झटका बसतो. तोरणमाळचा घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर या गाडीने तो प्रयत्न नको, डब्याची उंच भिंत पाण्याचा आणि वाऱ्याचा दोन्ही रेटा घेते.

फॅब्रिकेटरला उचल देण्याआधी एक चाचणी स्वतः करून पाहा. सिमेंटची ५० किलोची तेरा पोती हौद्यात भरा. जड बाजू केबिनकडे ठेवून, अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे मध्य येईल अशी रचा. पुन्हा भुईकाट्यावर तिन्ही पावत्या घ्या. पुढच्या चाकांचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी झालेलं नसावं. मागचं वजन टायरवर लिहिलेल्या भार-निर्देशांकात बसतं का पाहा: १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १०००. मग कन्नड घाट एकदा चढून-उतरून या, आणि खाली आल्यावर ब्रेकच्या ड्रमला हात न लावता जवळून जळका वास येतो का पाहा. पोती तळाला असतात, डबा उंच असतो, त्यामुळे वळणावरचं झुकणं या चाचणीत कळत नाही. पाटे, ब्रेक आणि क्लच मात्र कळतात. त्यात काही कमी निघालं तर डब्याची लांबी एक फुटाने कमी करा, रेखाचित्र तेव्हाच बदलणं स्वस्त पडतं.